शून्य कुठून धरलं

दीर : वहिनी, बावीस माणसं लाइफ जॅकेटं घालून होड्यांपाशी उभी आहेत आणि तुम्ही अजून पायरीवरच. हेल्मेट कुठंय तुमचं?

वहिनी : घरी राहिलं. पाणी किती आहे, भाऊजी?

दीर : साडेतीन फूट. आत्ताच पुलावरून खांबावरची पट्टी बघितली. चार फुटांपर्यंत होड्या सोडायच्या, दादाचाच नियम आहे.

वहिनी : पट्टी तुम्ही रंगवलीत ना?

दीर : उन्हाळ्यात. दादाच्या रेघा पार पुसट झाल्या होत्या. खरवडून नव्या काढल्या. आकडे ऑफिसातून दिसतात आता.

वहिनी : दिसतात हो. मंडपाच्या कमानीवर शोभतील असे आहेत. शून्य कुठून धरलंत?

दीर : कुठून म्हणजे? पाण्यापासून.

वहिनी : कुठल्या पाण्यापासून?

दीर : तेव्हा होतं त्या. पाणी जिथं खांबाला लागतं तिथं शून्य. यात विचारायचं काय?

वहिनी : यांनी शून्य खांबाच्या पायथ्याला धरलं होतं, तळच्या दगडावर. भर उन्हाळ्यातही तिथं दीड फूट पाणी असतं. मी त्यात उभी राहून होड्या धुते.

दीर : (बोटांवर मोजत) साडेतीन आणि दीड...

वहिनी : मोजा, सावकाश मोजा. दुसरा हात लागला तर तोही घ्या.

दीर : पाच. पण एका फुटानं असं काय होतंय?

वहिनी : बादलीत काही होत नाही. घळीत चार फुटांना मधला दगड दिसतो, होडी बाजूनं काढता येते. पाचाला तो पाण्याखाली जातो. मग आधी होडीला लागतो, नंतर आपल्याला कळतो.

दीर : गेल्या रविवारी गेलीच की होडी.

वहिनी : गेली. तीन माणसं पाण्यातून ओढून काढली मी. तुम्ही काठावरून फोटो काढत होतात. आपलाच हात चुकला म्हणून आठवडाभर मला घास गोड लागला नाही.

दीर : लोक आता उभे आहेत, वहिनी. कुठल्या तोंडानं नाही म्हणून सांगू?

वहिनी : नसेल सांगवत तर वल्हं घ्या आणि पहिल्या होडीत पुढं बसा. लगेच सोडते.

दीर : मला पोहता येत नाही, माहीत आहे तुम्हाला.

वहिनी : बारा वर्षं गळ्यात शिट्टी अडकवून नदीच्या नावावर जेवताय. जा, म्हणावं, आज काठच्या पायवाटेनं धबधब्यापर्यंत चालत नेणार. चालता तरी येतं ना?

दीर : येतं. पण दादाला यातलं काही कळू देऊ नका.

वहिनी : कंबर मोडल्यापासून खाटेवरून खिडकीतली नदी तेवढी बघतात ते. सकाळी हेल्मेट शोधलं, तर यांच्या पांघरुणात. सोडेनात. एवढंच म्हणाले, शून्य कुठून धरलंय ते विचारून ये, मग देतो.