मीठ समजून पुसलं ते

माझा जन्म मिठागरातला. म्हंजे जन्म घरातच झाला, पण आय सांगायची की सकाळपर्यंत ती मीठ ओढत व्हती आणि दुपारी मी आले, तर मिठागरातलाच म्हणायचा. आमच्या उरणच्या खाडीला तेव्हा नजर जाईल तिथवर आगरं, खाडीचं पाणी आत घ्यायचं, उन्हात सुकवायचं, खाली पांढरं उरलं की ओढून रास करायची. आता तिथं न्हावा शेव्याचे कंटेनर रचलेत. मी सातवीपर्यंत शिकले, मग लग्न. मालक ट्रेलरवर ड्रायव्हर व्हते, त्यांच्या शेठनं हपिस बंद केलं तेव्हा एक जुना कॉम्प्युटर त्यांच्या गळ्यात मारला, आणि मालक गेले तेव्हा तो माझ्या गळ्यात आला.

काय सांगू तुम्हाला ताई, सहा महिने मी त्याच्यावर नुसती चादर टाकून ठेवली व्हती, बटण दाबलं तर घराला आग लागंल असं वाटायचं. मग एक-एक बोटानं शिकले, कुणी शिकवलं न्हाय, चुकत चुकत शिकले. मराठी टायपिंगचं एक सॉफ्टवेअर घेतलं, आणि ओटीवर बसून हळदीच्या, लग्नाच्या, बारशाच्या पत्रिका बनवायला लागले. आमच्याकडं हळदीला गाव लोटतं, पत्रिकेत एक नाव ऱ्हायलं तरी माणूस वर्षभर बोलत न्हाय, म्हणून लोक माझ्याकडं येतात, मला सगळ्यांच्या घरची नावं तोंडपाठ.

लेक पनवेलला ऱ्हातो. चांगला हाय, पण सारखं एकच, आये बंद कर ते दुकान, इथं ये, आराम कर. आराम म्हंजे चौथा माळा, बंद दार आणि टीव्ही. मला त्याचं भ्या वाटतं, खरंच सांगते, मरणाचं वाटत न्हाय तेवढं वाटतं. आणि ते सॉफ्टवेअर असं, की याच कॉम्प्युटरला बांधलेलं, दुसऱ्यावर चालत न्हाय, विकणारा तर कधीच दुकान गुंडाळून गेला. म्हंजे हा कॉम्प्युटर गेला की ओटी गेली, आणि ओटी गेली की चौथा माळा.

आता जे सांगते ते मी तेव्हा कुणालाच सांगितलं न्हवतं. दिवाळीची साफसफाई चाललेली, म्हटलं या कॉम्प्युटरचा डबा बी उघडून पुसू, खारी हवा आमची, लोखंड खाते. तर आत पंखा, पंख्याखाली एक जाडा पत्र्याचा ठोकळा, तो बी निघाला हातात, आणि त्याच्या खाली पांढरं पांढरं सुकलेलं. मी मिठाचं माणूस, पांढरं सुकलेलं दिसलं की मला मीठच दिसणार. म्हटलं, बघा, इथवर शिरलं मीठ! चमच्याच्या दांड्यानं खरवडलं, ओल्या फडक्यानं पुसलं, वाळू दिलं, लख्ख केलं आणि परत बसवलं. किती समाधान वाटलं व्हतं मला, काय सांगू.

आठ दिवसांत कॉम्प्युटर हळू झाला. एक अक्षर दाबावं तर पाणी पिऊन येईस्तोवर उमटायचं. मग पत्रिका अर्धी असताना एकदम काळं, बंद. मनात आलं, मी काहीतरी केलंय. पण तोंडावाटे न्हाय काढलं, कारण गावात आधीच बोलतात, म्हातारीला कशाला पायजे कॉम्प्युटर.

माझा भाचा नितेश बंदरातल्या हपिसात हाय, तो आला रविवारी. आत्या, बोलला, प्रोसेसर म्हातारा झालाय, मी त्याचा वेग वाढवून देतो, ओव्हरक्लॉक म्हणतात, फुकटात पळायला लागंल. मी म्हटलं, अरे म्हाताऱ्याला पळवायचं कशाला? तर हसला, तुला बी पळवलं असतं, बटण असतं तर. चालू करतानाच कसली तरी निळी पाटी काढली, आकडे थोडेसेच वाढवले आणि बंद करून परत चालू केलं. पडदा काळा. पंखा फिरतोय आणि पडदा काळा. मी दाराची चौकट धरून उभी, मला ना त्या काळ्या पडद्यात पनवेलचा माळा दिसायला लागला.

मग बाजारातल्या रफिकभाईला बोलावला, तोच दुरुस्ती करतो. त्यानं आतला छोटा सेल काढून परत घातला, जुने आकडे आले, पडदा लागला. मी हात जोडले. पण त्यानं ठोकळा काढून बघितला आणि बोलला, इथली पेस्ट कुठं गेली? पेस्टनंच गरमी वर जाते, ही न्हाय म्हणून खालची चिप, म्हंजे प्रोसेसर, भाजतेय, आणि तुम्ही वरून वेग वाढवला? नितेश लगेच उसळला, मागच्या साली तूच उघडलं व्हतंस ना, तूच पुसली असशील. रफिकभाईचं तोंड उतरलं, नितेशभाई, तीस वर्सं मी हेच करतोय. आणि दोघं माझ्याकडं बघायला लागले.

मी गप बसले असते तर चाललं असतं. पण त्या माणसानं माझ्याकडून चहाशिवाय कधी काही मागितलं न्हवतं. म्हटलं, मी पुसलं. मीठ वाटलं मला. नितेश इतका हसला की खाली बसला. रफिकभाई हसला न्हाय, बोलला, चाची, बरं झालं बोललात, आणखी दोन दिवस असं चाललं असतं तर चिप गेलीच व्हती.

मग बोलला, उघडलंच हाय तर माझ्याकडं याच जातीचा मोठा प्रोसेसर हाय, बसवू? मी विचारलं, माझं सॉफ्टवेअर त्याला ओळखंल? बोलला, खोटं न्हाय सांगत, ओळखंल बी, न्हाय बी. आणि खाली बोर्डावर केसासारखे काटे असतात, एक वाकला की बोर्ड गेला. नितेश पाठी लागला, लाव गं आत्या, घाबरतेस काय! व्हय रे बाबा, घाबरते. म्हटलं, रफिकभाई, पेस्ट लावा, आणि हाय तोच ऱ्हाऊ दे, वेग बी नको आणि नवीन बी नको.

चालतोय आता, पहिल्यासारखा. पण भ्या गेलं न्हाय. पेस्ट लावून दिली म्हणून वय थोडंच कमी झालं त्याचं? हल्ली मी डब्यावर हात ठेवून बघते, गरम लागला की पंखा जवळ सरकवते आणि गिऱ्हाइकाला सांगते, थांबा, दम घेतोय. लेकाचा फोन येतो, आये, चालतोय का गं? मी म्हणते चालतोय.

तुम्ही एवढ्या लांबून आलात, ऐकून घेतलंत, तुमचं भलं होवो ताई. आता जरा सरका, एका हळदीची नावं अर्धी ऱ्हायलीत, चालू हाय तवर उरकून घेते.