निर्माल्याचा बाक

विषय : सोसायटीच्या आवारात निर्माल्यापासून केलेला बाक बसवण्याबाबत.

अर्जदार आमची पुतणी मुक्ता, डिझाइन शिकलेली. तिला पहिलंच काम मिळायचं होतं.

“काका, गोष्ट सांगितली की लोक नवी वस्तू आपली मानतात.”

सभेत नमुन्याचा बाक मांडून तिने ती गोष्ट सांगितली. गणपतीला वाहिलेला झेंडू वाळवून, दाबून हा बाक झाला म्हणे. चेअरमनसाहेबांचे डोळे पाणावले.

“आता बसून बघा ना!” मुक्ता म्हणाली.

“निर्माल्यावर? अगं, पाय लागला तरी आपण नमस्कार करतो!” चेअरमनसाहेब म्हणाले.

तोवर त्यांच्या सौभाग्यवतींनी बाकाला हळदकुंकू वाहिलं होतं.

“गोष्ट जरा वाईट सांगायची होतीस,” मी मुक्ताला म्हणालो.

आता बाकाला रोज हार पडतो, म्हणजे पुढच्या बाकाचा कच्चा माल जमतोय. आम्ही म्हातारे शेजारी उभे असतो. अर्ज प्रलंबित आहे.