हँडलला हात लावू नका

हॅलो?

हॅलो… कोण? … अरे यशू! जोरात बोल रे, रस्त्यावर घंटा चाललीय कुणाची तरी… हां, आता येतंय ऐकू. कुठून बोलतोयस? … अजून ऑफिसातच? अरे, आयुधपूजा आज! आम्ही सगळे तुझ्यासाठी खोळंबलोय आणि तू तिकडं इलेक्ट्रॉनिक सिटीत… काय? कॉम्प्युटरची पूजा? कॉम्प्युटरला कुंकू लावलं? … बरं बरं, लावा. पोटाला घालतो ना तो, त्यालाही लावा.

राजलक्ष्मीबाई स्वतःशीच हसल्या. बसवनगुडीतल्या त्या उताराच्या रस्त्यावरच्या घरात फोन होता जिन्याखाली, स्टुलावर. वायर अशी आखूड, की बोलणाऱ्यानं स्टुलाशी बांधल्यासारखं उभं राहायचं. तिथून खिडकीच्या चौकटीत रस्ता दिसायचा तो हातभर. आज त्या हातभर जागेत नव्या गाडीचं नाक आलं होतं आणि नाकावर झेंडूची माळ. नाक चढाकडे होतं. गाडीचं बाकीचं धूड भिंतीआड, उताराच्या बाजूला होतं.

पूजा? झाली की. अण्णांनीच केली. … तुझी वाट किती बघायची? राहुकाळाच्या आत नको का उरकायला? … हो, सगळं यथासांग. केळीचे खुंट बांधले, कोहळा ओवाळून फोडला, चारी चाकांखाली पुढनं-मागनं लिंबं ठेवली. आता तू यायचं, गाडी पुढं घ्यायची, लिंबं चिरडायची, की झालं. … उल्का? ती मागं बसलीय. अरे, गाडीच्या मागं, रस्त्यावर. रांगोळी काढतेय. एवढं मोठं कमळ घातलंय बाई तिनं, ठिपके नकोत न् काही नकोत, सगळं हातानं. पुण्याची ना! … नाही जेवली. तू आल्यावर बसणार म्हणाली. मी म्हटलं, स्वल्प, घोटभर पायसम तरी घे, तर नको.

काय? … कुठला धोंडा? … तो होय. काढला की. … मीच काढायला लावला उल्काला. पूजेच्या गाडीला, लिंबाच्या शेजारी, तो शेवाळलेला धोंडा बरा दिसतो का? लोक येतात-जातात, प्रसाद घेतात… अरे, मग एवढं ओरडायला काय झालं?

ओरडायला कारण होतं. राजलक्ष्मीबाईंचे यजमान विठोजीराव, ज्यांना सगळं घर अण्णा म्हणे, त्यांनी जन्मभर एकच फियाट चालवली. उतारावर गाडी उभी केली की गिअर काढायचा, डॅशबोर्डखालचं हँडल ओढून हँडब्रेक लावायचा आणि चाकाला धोंडा द्यायचा, हा त्यांचा शिरस्ता. त्यात ते कधी चुकले नाहीत, आणि आपण चुकत नाही हे चारचौघांत सांगायलाही कधी चुकले नाहीत. गेल्या महिन्यात मुलाच्या, यशोवर्धनच्या, कंपनीचा परदेशी साहेब मायदेशी गेला आणि बढतीबरोबर त्याची गाडी यशोवर्धनला मिळाली. गाडी राजेशाही, पण तिची तऱ्हा उलटी. तिचा ब्रेक लावायचा पायानं. क्लचच्याही डावीकडे एक बुटकं पेडल होतं, ते खाली दाबलं की ब्रेक लागायचा, आणि डॅशबोर्डखालचं हँडल ओढलं की सुटायचा. हँडल मात्र दिसायला थेट फियाटचंच.

हे सगळं यशोवर्धननं गाडी आणली त्या दिवशी दाखवलं होतं. राजलक्ष्मीबाई तेव्हा आत पुऱ्या तळत होत्या. अण्णा गाडीत बसून ऐकत होते. पण दाखवता दाखवता पोरगा बोलून गेला, की अण्णा, तुमच्यानं आता हे व्हायचं नाही. अण्णा तिथंच उतरले. तेव्हापासून बापलेकांचं होतं ते थोडं बोलणंही बंद होतं आणि इकडचे निरोप तिकडे राजलक्ष्मीबाई नेत होत्या.

अण्णा? ते गाडीतच आहेत. … पुढंच, स्टिअरिंगपाशी. पूजा झाली तसे बसलेत ते उठायचं नाव नाही. सीट मागं सरकवून छान मांडी घातलीय. … अरे, चप्पल कशी घालतील? आज ती देवी नाही का? देवीला पाय लावायचे नाहीत म्हणाले, मांडीच घातली. … हो, किल्ली त्यांच्याकडेच. … गिअर? गिअर काढला त्यांनी मघाशी. म्हणाले, गिअरमध्ये गाडी ठेवून जायला हा काय गाढव… असू दे रे. ते बोलतात तसं. तू मनावर घेऊ नको.

हॅलो? … यशू? … गेला का फोन?

फोन गेला नव्हता. पलीकडे घंटा ऐकू येत होती, कुणीतरी मोठ्यानं हसत होतं. यशोवर्धन तेवढा गप्प होता. हा मुलगा लहानपणीही असाच. पडला की आधी गप्प व्हायचा, मग रडायचा.

बोल ना रे… हां, ऐकतेय. … उल्काला उठवू? का? … बरं, उठवते. आणि अण्णांना काय सांगू? … हळू बोल, हळू. क्लचच्या बाजूचं पेडल… डावीकडचं… ते खाली दबलेलं आहे का बघा. … नसेल तर पायानं जोरात दाबा. … आणि हँडलला हात लावू नका. अजिबात लावू नका. … सरी, सरी, बरं. … कळलं रे, मी काय कुक्कुलं बाळ आहे? … शब्दन् शब्द सांगते. तू धर फोन.

त्यांनी रिसीव्हर स्टुलावर आडवा ठेवला आणि पदराला हात पुसत त्या दाराशी गेल्या.

निरोप पोचवायची राजलक्ष्मीबाईंची एक रीत होती. वाटेत त्यातले काटे काढून टाकायचे. मुलगा म्हणे, सांग त्यांना, पुन्हा विडी ओढली तर मी या घरात राहणार नाही. बापाच्या कानावर जाई, की यशूला तुमच्या खोकल्याची काळजी वाटते हो. बाप म्हणे, सांग त्या शहाण्याला. मुलाला कळे, की अण्णा तुझी आठवण काढत होते. एकाला दुसऱ्याचा खरा आवाज कित्येक वर्षांत फारसा ऐकू आला नव्हता, आणि म्हणूनच एका छपराखाली दोघं नांदत होते. हे आपलं कसब आहे हे त्या जाणून होत्या. त्याचा त्यांना थोडा गर्वही होता.

उंबऱ्यात येऊन त्यांनी पाहिलं. शेजारचे हयवदनराव स्कूटरला हार घालत होते. उल्का रस्त्यावर पाय दुमडून बसली होती, पाठ गाडीकडे, अगदी बंपरला टेकेल इतकी जवळ, आणि पुढं उतारावर दिव्याचा खांब. सणाच्या दिवशी, भर रस्त्यात, सुनेला काय असं ओरडून सांगायचं, की ऊठ, गाडी अंगावर येईल? जिभेला हाड आहे की नाही?

“उल्का, अगं यशूचा फोन आहे. ये बघू आत,” त्या म्हणाल्या.

उल्कानं मान वळवली, हसली आणि रांगोळीनं भरलेली चिमूट दाखवली. एवढी पाकळी झाली की आलेच.

मग त्या अण्णांकडे वळल्या. गाडीची काच खाली होती. अण्णा मांडी घालून, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून बसले होते, फोटोतल्यासारखे. हँडलला हात लावू नका म्हणायचं? पायानं दाबा म्हणायचं? पोरगा आता बापाला ब्रेक शिकवणार, तोही फोनवरून, हयवदनरावांच्या देखत! त्यांनी काटे काढले.

“अहो, यशू विचारतोय तुम्हाला, ब्रेक घट्ट आहे ना?”

अण्णांचा चेहरा असा उजळला, की राजलक्ष्मीबाईंना भरून आलं. किती दिवसांनी पोरानं बापाला काही विचारलं होतं. बायकोनं नीट पाहावं, पाहून तिकडं सांगावं, म्हणून अण्णांनी डॅशबोर्डखाली हात घातला आणि हँडल दोन्ही हातांनी छातीशी ओढलं. मग आणखी एकदा ओढलं. मान डोलावली.

मिटलं एकदाचं, असं म्हणत राजलक्ष्मीबाई लगबगीनं आत आल्या.

हॅलो, हां यशू… सांगितलं रे बाबा. … हो, सगळं. … म्हणजे अगदी तसंच कसं सांगेन? अर्थ तोच. ब्रेक घट्ट आहे ना म्हटलं. अरे, काय खूश झाले अण्णा! तू आल्यावर दोन शब्द बोल त्यांच्याशी, एवढ्यानंसुद्धा… ऐक ना आधी. आहे, ब्रेक घट्ट आहे. माझ्यासमोर लावला त्यांनी. … हँडल ओढलं ना. दोन्ही हातांनी. एकदा नाही, दोनदा…

… काय?

… ओढलं की सुटतो? … ब्रेक ओढल्यावर सुटतो कसा? लागतो ना? … यशू, किंचाळू नको रे, मला काही कळत नाही तू काय म्हणतोस… उल्का? सांगितलं तिला. येतेय ती. पाकळी झाली की…

थांब. … थांब जरा.

चाकांमागची लिंबं ती, एवढ्या मोठ्या गाडीला कितीसा वेळ धरणार? खिडकीतल्या त्या हातभर जागेत झेंडूची माळ हलली. वारा असेल असं राजलक्ष्मीबाईंना वाटलं, कारण तसंच वाटावं अशी त्यांची इच्छा होती. मग माळेसकट गाडीचं नाक चौकटीच्या कडेकडे सरकलं. आवाज मुळीच नव्हता. इंजिन बंदच होतं.

यशू… गाडी खिडकीतून जातेय रे…

रिसीव्हर हातातून सुटला आणि वायरला लोंबत राहिला. राजलक्ष्मीबाई दाराकडे धावल्या. या वेळी त्यांनी काही पाहिलं नाही, सण पाहिला नाही, शेजार पाहिला नाही. उल्का ऊठ, ऊठ गं, मागं बघ, असं जे तोंडाला आलं ते ओरडत त्या पायऱ्या उतरल्या. उल्कानं ऐकलं. ती उठतही होती, पण बसून बसून पायाला मुंग्या आल्या होत्या आणि एक हात टेकून ती अर्धवटच उठली.

घरात फोन तसाच लोंबत होता आणि त्यातून यशोवर्धनचा बारीक आवाज अक्का, अक्का अशी आईला हाक मारत होता. जिन्याखाली ऐकायला कुणी नव्हतं.

पुन्हा आत आल्या तेव्हा राजलक्ष्मीबाईंच्या दोन्ही हातांना ओली रांगोळी माखलेली होती. त्यांनी रिसीव्हर जागेवर ठेवला, लगेच उचलला, पुन्हा ठेवला, पुन्हा उचलला.

यशू? … अजून तूच आहेस का? … ऐक. फोन ठेव. … नाही, आधी ठेव. मला नर्सिंग होमला लावायचाय. ज्यानं लावला त्यानं ठेवल्याशिवाय लाईन सुटत नाही इथली, तुला माहीत आहे ना… मी ठेवून बघितला रे, उचलला की तूच…

आहे. आहे रे, आहे. ओरडतेय. तीच ओरडतेय ती… ऐकू येतंय ना तुला? ओरडतेय तेच बरं म्हणायचं. … पाय. पाय चाकाखाली… आणि कंबर खांबाला… मला नको विचारू. हयवदनराव आणि रस्त्यावरची माणसं मागनं रेटतायत, पण गाडी वर सरकत नाही, उतार आहे ना… जड आहे रे तुझी गाडी…

अण्णा आतच आहेत. … सांगितलं. सांगितलं, यशू! आता सगळं सांगितलं, तू म्हणालास तसंच, अक्षरन् अक्षर. हँडल सोडा म्हटलं. पायानं दाबा म्हटलं. … ते ऐकत नाहीत. त्यांची मांडीच सुटत नाही. ओढतायत नुसते. दोन्ही हातांनी ओढतायत अजून…

तू ठेव ना रे फोन.

पलीकडून आता शब्द येत नव्हते, नुसता श्वास येत होता. पोरगा फोन का ठेवत नाही, ते राजलक्ष्मीबाईंना एकदम कळलं. दारातून, खिडकीतून उल्काचा आवाज आत येत होता, तारेतून त्याच्यापर्यंत जात होता, आणि तो आवाज धरून पोरगा तिथं उभा होता. इतकी भीती त्यांना जन्मात वाटली नव्हती. तरी त्यांनी आवाज मऊ केला.

ठेव, बाळा. … मी आहे इथं. मी ऐकतेय तिला. … मी लक्ष ठेवते. तू ठेव.

… ठेव.

खट् असं वाजलं. लाईन मोकळी झाली. राजलक्ष्मीबाईंनी घाईघाईनं पहिला आकडा फिरवला, दुसरा फिरवला, आणि तिसऱ्यावर बोट ठेवलं तेव्हा त्यांच्या लक्षात आलं, की बाहेरचं ओरडणं थांबलंय.