जाहीर आभार

जाफराबादच्या बसस्टँडवर सुरुचीच्या पाठीमागच्या बाकावर दोघांचं बोलणं चाललं होतं.

"कल्याणभाऊ, कधी आलात दिल्लीहून?"

"आत्ताच, वहिनी. राजकारणावर ब्लॉग लिहिणाऱ्यांचं संमेलन होतं. मी आपल्याच जिल्ह्यावर बोललो. सरकारी टँकर आमदारसाहेबांच्या मोसंबीच्या बागेत रिकामे होतात, ते सगळं."

"आमच्या ह्यांचं नाव घेतलं म्हणे?"

"टँकरच्या ड्रायव्हरनंच सांगितलं म्हटल्यावर आभार नको मानायला? राधेश्याम म्हणताच लई टाळ्या पडल्या. मोबाईलवर बी लाइव्ह दिसून राह्यलं होतं."

"साहेबांच्या माणसांनी बी पाह्यलं. त्याच संध्याकाळी जीप घेऊन आल्ते."

सुरुचीला मागं वळून बघवेना.

"मंग? राधेश्याम कुठंय?"

"ज्यांनी टाळ्या वाजवल्या, त्यांना इचारा."