प्रॅक्टिकलच्या दिवशीचा ताप

— न्हाई वहिनी, ज्योतीरामची चूक न्हवती, कोण म्हणतं तसं? बसा. मी मारुतराव — ह्या जनावरांच्या कॉलेजाचं गेट मीच सांभाळतो. घरी माझं नाव घेत आसायचा तुमचा मालक, ज्योतीराम. सहा म्हैने झाले त्याला जाऊन, आजून डबा उघडला की मी दोघांची जागा करतो बघा.

कोरोनातली ती परीक्षा — लेखी झाली मोबाईलवर, पण गाईला सुई मारायची परीक्षा मोबाईलवर कशी घेणार? म्हणून नियम केले. एका टायमाला एकच पोरगं आत, मास्क, हातमोजे, सहा फूट अंतर — चुन्याचे गोल मीच आखले. पण गाय सहा फुटांवरनं धरता येती का? न्हाई येत. मानेच्या शिरेत सुई घालायची म्हंजे धरणारा आन् टोचणारा, दोघांची डोकी एकाला एक लागत्यात. पोरं बदलत व्हती, धरणारा एकच — ज्योतीराम. सकाळधरनं बावीस पोरं. मास्क घामानं भिजला, त्यानं नाकाखाली घेतला — मी वरडलो, "आरं, वर घे!" तर हसला. "मारुतराव, तोंड दिसलं नाही तर बुजतीय ती."

व्हय, ताप मोजत व्हतो की. गेटावर, एकेकाचा. वहीत लिवत व्हतो. सगळ्यांचा लिवला — एकवीस जणांचा खरा लिवला.

एक पोरगी व्हती — करिष्मा. एकशे एक. परत धरलं यंत्र कपाळावर, तरी एकशे एकच. म्हणली, "उन्हातनं आलेय." ऊन कसलं? रातभर खोकत व्हती — मला कसं ठावं म्हंजे? आमच्याच घरात खोकत व्हती. माझी पोरगी हाय ती, वहिनी.

दोन वर्षं शिकली. सर म्हणले व्हते, आता चुकली तर पुढची परीक्षा कवा, सांगता येत न्हाई. कुरुळीतली जमीन कंपनीत गेली आमची, मी गेटावर आलो — पोरगी तरी कंपनीच्या लायनीवर उभी राहू नये, एवढंच मनात. सत्त्याण्णव लिवलं. शेवटचा नंबर तिचा. दोनदा शीर चुकली तिची. ज्योतीराम आणखी जवळ सरकला, म्हणला, "घाबरू नको बाळ, मी धरलीय" — हितं, गेटापर्यंत ऐकू आलं मला. मी काय केलं? वही मिटली.

पास झाली ती. ज्योतीराम कोरोनानं गेल्याचं कळलं त्या दिवसापासनं जनावराला हात लावत न्हाई. चाकणला पॅकिंगला जाती, लायनीवरच. माझ्याशी बोलत न्हाई.

तुमी नुसता त्याच्या ओळखपत्रावरचा फोटो न्याया आला व्हता. हा घ्या. शिव्या द्या मला, वहिनी. जावा आता. आसं बघत उभ्या राहू नका माझ्याकडं. जावा म्हणतो ना.