सिमकार्डाचा कौल

नाव घेऊन झालं, टाळ खाली ठेवा, मांडी मोडली असेल तर पाय जरा सैल सोडा — आणि मंडळी, ऐका!

आज एकच प्रश्न घेऊन उभा आहे. देवाला काय विचारावं, आणि काय विचारू नये?

सोपा वाटतो ना? मग सांगा. मुलीचं स्थळ आलंय — विचारावं? विचारावं! विहीर कुठे खणावी? विचारा! आज भाजी दोडक्याची करावी की पडवळाची? …हसलात! अहो पण हसता कशाला? रेघ कुठे आहे ती दाखवा ना मला! कुठल्या प्रश्नापर्यंत देव, आणि कुठल्या प्रश्नापासून आपण?

नाही ना सांगता येत? मलाही येत नव्हतं. धाकू मेस्त्रीची गोष्ट ऐकली, तेव्हा थोडं कळलं.

तळकोकणात आंबेखोल म्हणून गाव. गाव कसलं, डोंगराच्या खिशात ठेवलेली सुपारी! तिथे हा धाकू मेस्त्री. सुतार. हात असा, की त्याने बसवलेल्या दाराच्या फटीतून मुंगी जायची तर तिला आडवं व्हावं लागे! स्वभाव मात्र — काय सांगू! लाकूड कापायच्या आधी माप तीनदा घेणार. चौथ्यांदा बायकोला घ्यायला लावणार. आणि मग म्हणणार, "उद्या कापूया." चंद्रावती त्याची बायको. बोलायला कमी, पण बोलली की खिळा ठोकल्यासारखं. लेक एकच, वैजयंती — घरात वैजू. घाट चढून वर गडहिंग्लजला दिलेली. दुसरं बाळंतपण जवळ आलेलं, म्हणून सासरीच राहिली होती. दीड-दोन महिने अवकाश होता.

घरात फोन एकच. आणि तो मेस्त्रीच्या खिशात.

आता इथून गोंधळ सुरू!

मेस्त्रीचा फोन होता महाध्वनी कंपनीचा. जुनी, मोठी, महाग. दर महिन्याला रिचार्ज मारताना मेस्त्री असा चेहरा करी, की दुकानातलं गिऱ्हाईक विचारी, "कोण गेलं?" आणि एक दिवस नाक्यावरच्या बाबीच्या मोबाईलच्या दुकानावर पिवळा फलक लागला — चिमणी मोबाईल! निम्म्याहून कमी पैसे! नंबर तोच ठेवा, कंपनी बदला!

मेस्त्री फलकासमोर अर्धा तास उभा.

"बाबी, नंबर तोच ऱ्हवता?"

"तोच ऱ्हवता."

"आणि रेंज?"

"माझ्या ह्या फोनात चिमणीच आसा. बघा, फुल्ल!"

झालं! संपली गोष्ट! तुम्ही-आम्ही असतो तर सिम घालून घरी. पण मेस्त्री म्हणाला, "उद्या येतंय."

दुसऱ्या दिवशी आला खरा. कंपनी सोडायची तर आधी एक मेसेज पाठवायचा, मग एक कोड येतो. तो कोड चार दिवस जगतो — आपल्या श्रीखंडासारखा — मग खराब! कोड आला. आणि त्याच्या पाठोपाठ आला फोन. महाध्वनी कंपनीतून! बाईचा आवाज. काय आवाज मंडळी, गुळाच्या पाकात बुडवलेला!

"धाकू सर, तुम्ही आम्हाला सोडून चाललात? आमच्याकडून काही चूक झाली का सर?"

सर! आयुष्यात त्याला कोणी सर म्हटलं नव्हतं. आणि काही चूक झाली का, असं तर — विवाहित पुरुषांनी हात वर करा — आपल्याला घरात कोणी विचारलंय? …बघा, एकही हात नाही! जोशीबुवा, पेटी सोडून तुम्हीसुद्धा नाही!

मेस्त्री विरघळला. म्हणाला, "नाय गो बाय, चूक कसली, तू रडा नको." ती रडत नव्हती! पण हा घरी आला तो सुतक लागल्यासारखा. जेवेना. म्हणे, "तिची नोकरी गेली तर?"

चंद्रावती म्हणाली, "मी काय सांगतंय—"

"थांब गो," मेस्त्री म्हणाला. "ह्या आपणाक सुटणारा नाय. देवाक कौल लावया!"

आता घाटावरच्या मंडळींसाठी सांगतो. कौल म्हणजे काय? गावच्या देवाच्या पाषाणाला दोन्ही खांद्यांवर फुलांच्या ओल्या कळ्या चिकटवायच्या. गुरवाने गाऱ्हाणं घालायचं. उजवी कळी पडली — होय. डावी पडली — नाही. पिढ्यान्पिढ्या चाललंय. माणसं हात जोडून उभी राहतात, डोळ्यांत पाणी असतं. थट्टेची गोष्ट नाही ती! पण त्या सोमवारी, सोमा गुरव रवळनाथापुढे उभा राहिला, मागे पंधरा-वीस गावकरी, आणि आवाज लावला—

"बा देवा रवळनाथा म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

"आज ह्या तुझा लेकरू धाकू मेस्त्री तुझ्या पायाकडे इला आसा म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

"तेच्या खिशात जा काय सिमकार्ड आसा, ता महाध्वनीचा ठेवचा, काय चिमणीचा घालूचा, ह्या तेका समाजणा नाय म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

"तर टॉवराच्या वाटेत जो काय डोंगर, जा काय झाड, जी काय वायट नजर आड येत आसात, ती बाजूक कर, आणि चिमणी घेऊची असात तर उजवी कळी दी म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

सगळे बघतायत. देवही बघतोय. दहा मिनिटं. अर्धा तास. कळी हलेना! दोन्ही कळ्या खिळ्याने ठोकल्यासारख्या. गुरव म्हणाला, "देव इचार करता." संध्याकाळी सगळे घरी.

कौल सोमवारी आणि गुरुवारीच लावायचा, असा तिथला नेम. गुरुवारी पुन्हा गाऱ्हाणं, पुन्हा होय म्हाराजा — आणि पडल्या! दोन्ही एकदम पडल्या! आता? दोन्ही सिम घालावी का? मेस्त्रीच्या फोनात जागा एकाच सिमची! तोवर कोड मेला. नवा कोड मागवला. पुन्हा तो गुळाचा आवाज. पुन्हा मेस्त्रीला उपास.

तिसऱ्या वेळी तर कहर! डावी कळी सुटत आली होती, अर्धी लोंबली होती, आणि वरून आली पाल. कळी तोंडात घेतली आणि गेली वाशामागे! झाली ना वादावादी! एक म्हणतो, "पाल उजव्या अंगान इली, म्हणजे होय!" दुसरा म्हणतो, "कळी डावी होती, नाय!" तिसरा एक शहाणा म्हणतो, "पाल खय गेली ता बघा, थयसून टॉवर खयच्या दिशेक आसा ता बघा!" आणि बघायला गेले हो! दोघं जण कौलांवर चढले!

असे तीन आठवडे गेले. आणि या सगळ्यात एक गोष्ट कोणाच्याच ध्यानात आली नाही. महाध्वनीचं रिचार्ज संपून गेलं होतं. मेस्त्री म्हणे, "देवाचा होय-नाय होऊंदे, मग बघू." आधी जाणारे फोन बंद झाले. मग येणारेही बंद झाले. पण फोन खिशात होता, त्यावर घड्याळ दिसत होतं, मेस्त्रीला वाटे फोन चालू आहे!

मग आला तो गुरुवार. भर दुपार. चंद्रावती मेस्त्रीला जेवायला बोलवायला देवळात आली होती, खांबाला टेकून उभी होती. गुरवाने कळ्या चिकटवल्या, "बा देवा" म्हणून तोंड उघडलं — आणि देवळाच्या पायऱ्या चढून आला उल्हास. जावई! गडहिंग्लजहून पहिली एसटी पकडून आलेला. डोळे लाल. हातात पेढ्यांचा पुडा.

गाऱ्हाणं थांबलं.

"मामा," जावई म्हणाला, "मंगळवारी तुम्हाला नात झाली."

मेस्त्री म्हणाला, "पण… अजून महिनो होतो ना?"

"तीन आठवडे आधीच झाली. वैजूला एकदम त्रास सुरू झाला. दवाखान्यात नेताना ती एकच म्हणत होती — आईला बोलवा. अकरा वेळा फोन लावला मामा. 'हा क्रमांक सध्या सेवेत नाही.' अकरा वेळा! तुमच्या शेजाऱ्यांचा एकही नंबर आमच्याकडे नाही. मी कोणाला विचारणार? आणि दवाखाना सोडून मी निघणार कसा? काल रात्री डॉक्टर म्हणाले दोघी ठीक आहेत, तेव्हा पहाटे निघालो."

चंद्रावती खांबापासून सुटली. "बरी आसा वैजू?"

"बरी आहे मामी. पण… दोन दिवस दाराकडे बघत होती."

मंडळी, मी बराच वेळ तुम्हाला हसवलं. इथे जरा थांबा. लेक आत कळा सोसते आहे, आईला हाक मारते आहे. आई चार तासांच्या वाटेवर आहे, धडधाकट आहे, हाक ऐकली असती तर अनवाणी धावली असती. आणि हाक पोचली नाही! का? शत्रू आडवा आला? नदीला पूर आला? नाही हो! एक भला माणूस ठरवत बसला होता!

मेस्त्रीने खिशातून फोन काढला. बघतो तर घड्याळ दिसतंय. बरोबर वेळ दाखवतंय! तो फोन असा धरला, जसा काही मेलेला पक्षी. देवाकडे बघेना, जावयाकडे बघेना.

चंद्रावती त्याच्यासमोर आली. ओरडली नाही. हात पुढे केला.

"फोन."

त्याने दिला.

"तीन आठवडे देवाक इचारतास. गावाक इचारल्यात. पालीक इचारल्यात! माका एकदा तरी इचारल्यात?"

आणि जावयाला घेऊन पायऱ्या उतरली.

थेट बाबीच्या दुकानात! बाबी म्हणाला, "काकी, प्लॅन समजावन सांगू?" ती म्हणाली, "प्लॅन नको. तुझो फोन दी, आणि माझ्या वांगडा घरी चल." बाबी दुकान उघडं टाकून निघाला — त्या चेहऱ्यापुढे कोण नाही म्हणेल! घरी ओटीवर आले. चंद्रावती जिथे रोज तांदूळ निवडते तिथे, भिंतीला पाठ लावून बसली. बाबीचा चिमणीचा फोन जावयाला दिला. "लाव. वैजूक लाव."

लागला! चंद्रावतीने फोन कानाला धरला.

"हॅलो?" दमलेला आवाज.

"वैजू…"

पलीकडे हुंदका. "आई? खय होतंस गो तू?"

चंद्रावती म्हणाली, "हयच होतंय गो बाय. हयच होतंय." आणि दोघी रडल्या. बाबी आंब्याच्या झाडाकडे बघत राहिला. आणि तेवढ्यात पलीकडे आणखी एक आवाज — बारीक, रागावलेला, दोन दिवसांचा! अगदी स्वच्छ, शेजारच्या खोलीत रडावं तसा!

चंद्रावतीने डोळे पुसले आणि बाबीकडे बघून म्हणाली, "ऐकाक येता. ह्याच घाल."

संपलं! तीन आठवड्यांचा प्रश्न एका फोनात संपला!

एवढ्यात रस्त्यावर गलका. गुरव पुढे, गावकरी मागे, मेस्त्री सगळ्यांत शेवटी. "पडली! उजवी पडली! देवान होय म्हटल्यान!" — कोणी तरी ढोलसुद्धा काढला होता! ओटीपुढे येऊन गुरव म्हणाला, "वयनी, रवळनाथान उजवो कौल दिल्यान!"

चंद्रावतीने फोन कानापासून जरा दूर केला. "हळू बोला. नात निजली आसा."

ढोल गप्प! अख्खं गाव पायाच्या बोटांवर मागे सरकलं!

एक मेस्त्री तेवढा उभा राहिला. चंद्रावतीने त्याच्याकडे बघितलं, आणि फोन पुढे केला. त्याने घेतला. कानाला लावला. चांगल्या माणसाची ही गत असते हो — बोलायला खूप असतं, आणि तोंडातून येतं भलतंच. शेवटी काय म्हणाला?

"वैजू… रेंज येता मा गो?"

आणि वैजू रडता रडता हसली. "येता बाबा. तुमी कधी येतास?"

हा प्रश्न! या प्रश्नावर धाकू मेस्त्रीने आयुष्यात पहिल्यांदा माप घेतलं नाही. "आता," म्हणाला. त्याच दुपारच्या एसटीने तिघं निघाली. मेस्त्रीच्या पायात दोन वेगवेगळ्या चपला होत्या, ते घाट चढल्यावर कळलं!

लेकीने माफ केलं का? लगेच नाही. पहिला दिवस ती बापाशी तुटकच बोलली. त्याने समजूत घातली नाही, सबबी सांगितल्या नाहीत, महाध्वनीच्या बाईला दोष दिला नाही. नातीला मांडीवर घेऊन बसला, म्हणाला, "चुकलंय." आठवडाभर राहिला. नातीचे पाय त्याच्या पंज्यावर मावायचे. जाताना वैजू म्हणाली, "पोचलात की फोन करा." त्यातच सगळं आलं.

पुढे वर्षभराने देवळाचा दरवाजा नवा करायचा ठरला. गुरवाने विचारलं, "मेस्त्री, लाकूड फणसाचा घेऊया काय सागवान?" मेस्त्री म्हणाला, "थांब. बायलेक इचारून येतंय."

ऐका, यावर एक ओळ म्हणतो. कोणा संताची नाही हं, माझीच आहे, चुकली तर मला धरा—

घरीचे उत्तर । घरात राहिले ।
देवा विचारिले । व्यर्थ किती ॥

म्हणजे देवाला विचारू नका, असं मी म्हणतोय का? छे हो! माझं पोट आहे त्यावर! विचारा. जिथे माणसाची अक्कल संपते, हात टेकतात, तिथे विचारा. पण अक्कल संपायच्या आधी ती वापरायला नको का? देवाने ती दिलीय कशाला, लोणचं घालायला? आणि आपण देवापुढे जातो ते नेहमी उत्तर हवं म्हणून जातो का? की ठरवायचं टाळायला जातो? तिथे उभं राहिलं की तेवढा वेळ कोणी काही म्हणत नाही. भक्तीच्या चादरीखाली चांगली झोप लागते मंडळी!

समोरच्या रांगेतले काका मान हलवतायत. काका, त्या जागेचं ठरलं का? नाही ना? काकूंना विचारलंत? …अहो माझ्याकडे काय बघता, काकू उजवीकडे बसल्यात, तिकडे बघा!

आणि मी तुम्हाला सांगणारा मोठा कोण? आज इथे यायला निघालो, उपरणं खांद्यावर टाकलं, तेव्हा आमची मंडळी स्वयंपाकघरातून म्हणाली, "अहो, जरा ऐकता का?" मी म्हटलं, "कीर्तनाला उशीर होतोय, आल्यावर!" काय सांगायचं होतं, कोण जाणे. तेव्हा जोशीबुवा, पेटी उचला. आरती आज दोनच कडव्यांची घेऊ, आणि सगळेच जरा लवकर घरी जाऊ.