खड्याखालची डाक

— हाव, पहिली होती. खोटं काऊन बोलू? तुमी दुसरबीडहून पोरीसाठी स्थळ पाहाले आले, एवढी गाडी हाकली, तं रस्त्यात कोनी ना कोनी तुमाले सांगतलंच असन. बसा, रामराव पाव्हने, तक्क्याले टेकून बसा. दादा मळ्यातून येतच असन, अन् वहिनी देवीच्या देवळात गेली ओटी भराले. तवरक मीच हावो घरात. मी गोजरबाई, उत्तमरावची बहीन. मालक गेले तवापासून भावाच्याच घरी हावो, तं ह्या घरातलं मले माहीत नाही असं काही नाही — म्हंजे, सांगन्यासारखं सारंच माहीत हाये. तुमी इचारलं, दादाच्या पोरानं, निवृत्तीनं, पहिलीले काऊन टाकली. बरोबर हाये, पोरीच्या बापानं इचारलंच पाह्यजे. तं आयका. तिचं नाव रुख्मिणी, सोनाळ्याची. तिनं आमच्या घरचं मानिक बदललं. खरं काढून घेतलं अन् भलतंच बसवलं. म्हनून माहेरी धाडली. एवढीच गोष्ट.

नाही झालं समाधान? दिसून राह्यलं तुमच्या तोंडावर. बरं, मंग पह्यल्यापासून सांगते. ह्या घराले मानिकवाले म्हनतात, हे तं तुमी आयकलंच असन. आमच्या आजोबाले निजामाच्या एका जहागीरदारानं पदक देलं होतं — सोन्याचं, मधात बोराएवढं लालभडक मानिक, भवताल बारीक पांढरे खडे, अन् मागून सोन्यानंच बंद. दसऱ्याले ते पेटीतून काढत, ह्याच ओटीवर पाटावर ठेवत, अन् सोनं देऊन-घेऊन झालं का सारं गाव पाहाले येये. कोनी नागपूरचा साहेब दौऱ्यावर आला का त्याले पन दाखवत. दिव्याजवळ नेलं का आत इस्तव पेटला असं वाटे. माह्या लग्नात मले लोकायनं माह्या नावानं नाही ओळखलं, मानिकवाल्यायची पोरगी म्हनूनच ओळखलं. कचेरीत दादा गेला का कारकून उठून जागा देते — ती जमिनीपायी नाही देत, जमीन दुसऱ्यायलेही हाये.

तं जर्मनीची लढाई संपली त्या साली निवृत्तीचं लग्न झालं अन् वहिनीनं — माही भावजय सरस्वतीबाई, निवृत्तीची माय — ते पदक सुनेच्या गळ्यात घातलं. घरची रीतच हाये तशी. रुख्मिणी मोठी गोड होती, असं नाही म्हनत मी — बोलाले कमी, कामाले खंबीर, अन् सांगतलं तेवढंच करे, एक अक्षर कमी नाही का जास्त नाही. वहिनीनं सांगतलं का पदक अंगावरून उतरवाचं नाही, तं ती झोपतानाही उतरवे ना. निवृत्ती तिच्यावर जीव टाके, पन मायसमोर वर पाहून बोलाची त्याची छाती नव्हती. आताही नाही. हे तुमाले सांगतलेलं बरं.

भावाच्या लग्नाले ती सोनाळ्याले गेली, पंधरवड्यानं आली. मंग दसरा आला. वहिनीनं पदक पाटावर ठेवलं अन् पाह्यते तं खडा मेलेला. लाल होता, पन कसा — वाळलेल्या रक्तासारखा, काळपट. आतला इस्तव इझलेला. समोर सारं गाव उभं. कोनीतरी मागून म्हनलं का बा हे ते मानिक नाही. बस, तेवढं बोलनं पुरलं. माहेरी जाऊन आली, भावाचं लग्न होतं, खर्च होता — लोकायनंच जोडून देलं सारं, आमाले काही बोलाही लागलं नाही. रुख्मिणी मधल्या खोलीत उभी होती. तिले इचारलं, तं ती रडली नाही, पाय धरले नाही. ती म्हने, "मी नाही बदललं. जानकाराले दाखवा, तो पाहून सांगन." एवढंच. दोनदा म्हनली ती तसं — एकदा सासूले, एकदा मले. "आत्याबाई, तुमी तरी म्हना, जानकाराले दाखवा." पन तवा कोन आयकते. दाखवलं तं बोभाटा होईन, असं वहिनीचं म्हननं. आधीच का कमी झाला होता. दुसऱ्या दिवशी गाडी जुपली. निवृत्ती गोठ्यात बैलायले पानी पाजत बसला, वर पाह्यलं नाही त्यानं. ती गाडीत मागं तोंड करून बसली, घर दिसे तवरक घराकडं पाहात गेली.

तं झालं असं. मंग हबीबमियानं पदक उघडलं तवा — नाही, ते राहू द्या. ते मागून झालं. त्याचं काही नाही.

काऊन पाहून राह्यले तुमी तसे? अहो हबीबमिया म्हंजे खामगावचा जडिया, दागिन्यात खडे बसवनारा म्हातारा. दादाले फिर्याद द्याची होती, रुख्मिणीवर. फौजदार म्हने का खडा बदलला हे कोन सांगते? तुमचे डोळे नाही चालत, जडियाचं म्हननं पाह्यजे. म्हनून बलावलं त्याले. तुमी म्हनान, तवाच काऊन नाही बलावलं, ती म्हनत होती तवा — ते मले नका इचारू, मी काही ह्या घरची मालकीन नाही.

आता निंघालंच तं सांगते. मधल्या खोलीत खिडकीशी बसला तो. दादा, वहिनी, निवृत्ती अन् मी, बस. पह्यले त्यानं खड्यावर फुंकर घातली. वाफ धरली अन् लगेच उडाली. म्हने काच नाही; काचेवरची वाफ लौकर जात नाही, खरा खडा थंड असते, वाफ झटकून टाकते. मंग भिंग लावलं. म्हने पानी पाहातो. वहिनी म्हने पानी कायचं, तं म्हातारा म्हने, बाई, पानी म्हंजे खड्याचं तेज, आतून येते ते. आतलं धुकं दिसलं तं त्याले जाळं म्हनाचं, भेग दिसली तं चीर म्हनाची. मंग लय येळ भिंगातून पाहातच राह्यला. मले वाटलं त्याले समजून नाही राह्यलं. समजलं होतं त्याले, बोलू का नको ते ठरवत होता. शेवटी म्हने, "ह्या खड्याले जे पानी होतं ना मालक, ते त्याचं नव्हतं. उसनं होतं." दादा म्हने, सरळ बोल.

मंग त्यानं सरळ दाखवलं. खड्याभवतालचं सोनं, कोंदन म्हनतात त्याले, ते त्यानं दाखवलं — पह्यल्या हातचं हाये, म्हने, ज्यानं बसवलं त्याच्यानंतर कोनाचं हत्यार ह्याले लागलं नाही. लागलं असतं तं ओरखडा दिसला असता, सोन्याचा रंग फरकला असता. म्हंजे समजलं का तुमाले? खडा कोनी काढलाच नव्हता. तोच होता. मंग दादाले इचारून त्यानं कोंदन उकललं अन् खडा तळहातावर घेतला. उजेडात धरला तं तपकिरी लाल, जुन्या इटेसारखा. म्हने हा तामडा हाये. नकली नाही, आपल्या जागी खराच दगड हाये, पन मानिक नाही. अन् हे कधी मानिक नव्हतंच. ज्यानं बसवला त्यानं खड्याच्या पोटाखाली डाक ठेवली होती — डाक म्हंजे चकचकीत लाल पत्रा, कागदाहून पातळ. उजेड आत जाये, त्या पत्र्यावरून परतून येये, अन् आमी म्हनो मानिक. तो पत्रा काळा पडला होता. त्यानं नखानं उचलला तं भुगा झाला. अन् मान खाली घालून त्यानं इचारलं का हे पान्यात गेलं होतं का?

गेलं होतं. लोनारले मी होती ना संग. लग्न झाल्यावर जोडप्याले घेऊन आमी धारेवर आंघोळीले गेलो होतो. रुख्मिणीनं सासूले इचारलं होतं, मामीजी, पदक उतरवून तुमच्यापाशी देऊ? वहिनी म्हने, नाही, गर्दी हाये, गळ्यातच राहू दे. अन् ती धार कशी पडते तुमी पाह्यली असन, मानेवर नुसती आदळते. तवाच पानी आत गेलं, अन् दसऱ्यापावतो त्यानं डाक खाल्ली. सांगतलं तेवढंच केलं होतं हो तिनं.

हबीबमियानं झोळीतून नवा पत्रा काढला, कापला, नुसता खाली धरला — अन् इस्तव पेटला आत. होता तसा. निवृत्ती ते पाहून उठला. म्हने, "मी सोनाळ्याले जातो. तिले घेऊन येतो." उंबऱ्यापावतो गेला तो. दादा जागचा हालला नाही. त्यानं एवढंच म्हनलं, "आन. अन् लोकायले काय सांगशील? का तुहा पनजोबा तामड्याले मानिक म्हनून मिरवत होता?" पोरगा उंबऱ्यात उभा राह्यला. मंग खाली बसला. मंग दादानं जडियाले सांगतलं का नवी डाक टाकून बंद कर. म्हातारा म्हने, जशी मर्जी. त्यालेही ह्या मुलखात पोट भराचं होतं.

फिर्याद देलीच नाही. अन् पदक पुन्हा चमकताना पाहून लोकं म्हने, पाहा उत्तमरावचं मन, घरातल्या चोरनीवर दया केली. मानिकही शोधून आनलं अन् कोनाचं नावही नाही घेतलं. आमी काहीच सांगतलं नव्हतं, लोकायनंच बनवलं सारं. सोनाळ्यापावतो गेलं ते. एक दिवस तिचा भाऊ आला. त्या खांबापाशी त्यानं पागोटं दादाच्या पायावर ठेवलं. म्हने, तुमी माह्या बहिनीले तुरुंगातून वाचवलं. त्यालेही तेच खरं वाटत होतं, पाव्हने. तिच्या पाठच्या भावाले. अन् दादानं त्याले उठवलं, जवळ बसवलं, अन् काही बोलला नाही.

अमीना बांगड्यावाली बाजारामागं बाजार फिरते, सोनाळ्यालेही जाते. ती सांगे का रुख्मिणी भावाशी बोलत नाही आता, त्याच्याच वावरात निंदते अन् परसात येगळी चूल मांडून खाते. अमडापूरची, म्हंजे आमच्या गावची म्हनून अमीनाले तिनं हाक मारून बसवलं, बांगड्या नाही घेतल्या. एकच इचारलं — "त्यायनं जानकाराले दाखवलं का?" अमीना काय सांगन, तिले काय माहीत. ती मले इचारत होती, गोजरबाई, ती कायचं इचारत होती? मी म्हनलं, मले नाही समजलं.

उठले काऊन? बसा, पान वाढते, दादा येते आता, तुमाले पदक दाखवाचं हाये त्याले — नाही, मी काही बोलली नाही. म्हातारी बाई, एकटी बसली, काही का बरळते. निवृत्ती वाईट नाही हो. मळ्यातच झोपते, घरी येते तं खाली मान घालून जेवते, कोनाले तोडून बोलत नाही. पोरीले मारनार नाही तो. पन तिच्यावर कोनी काही म्हनलं, तं तो गोठ्यात जाऊन बसन.

हाव. जुपा तुमी गाडी. मी सांगीन, पाव्हन्यायच्या पोटात दुखत होतं, थांबले नाही. जा, वहिनी येते आता. पोरीचं नाव काय म्हनले होते तुमी — नाही, नका सांगू. नाव कळलं का जीव लागते. जा.